महागडा रंग ३ वर्षांत का सुटला? एका पोलादी बोटीचं प्रकरण

मालकांनी फोनवर विचारलं ते एवढंच: "या खेपेला कुठला रंग घेऊ, तेवढं सांगा."

बोट १२ मीटर लांबीची, पोलादी. तळाला ५ मिलिमीटर पत्रा, बाजूंना ४. कायम खाऱ्या पाण्यात उभी असणारी. ३ वर्षांपूर्वी त्यांनी तळ घासून त्यावर चांगल्या प्रतीच्या इपॉक्सीचे ४ हात मारले होते. दुसऱ्याच हंगामात फोड आले आणि आता तळहाताएवढे पोपडे निघत होते. रंगच खोटा निघाला, अशी त्यांची खात्री झाली होती. सल्लेही भरपूर मिळाले होते. कोणी कोलटार इपॉक्सी सांगितलं, कोणी जस्ताचं प्रायमर, तर कोणी वितळलेल्या ॲल्युमिनियमचा फवारा.

मी रंगकामाची तपासणी करतो, रंग विकत नाही. जुना रंग कशामुळे सुटला हे कळल्याशिवाय नवा सुचवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. म्हणून मी त्यांना म्हटलं, बोट इतक्यात वर काढू नका, आधी ती पाण्यात असतानाच मला एक माप घेऊ द्या.

हे माप साधं असतं. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड बोटीशेजारी पाण्यात सोडायचा, मल्टिमीटरची दुसरी तार बोटीच्या उघड्या पोलादाला लावायची आणि व्होल्ट वाचायचे. समुद्राच्या पाण्यात पोलाद एकटं असलं तर आकडा उणे ०.६ ते ०.६५ च्या आसपास येतो. गंज थांबायला तो उणे ०.८० पर्यंत खाली जायला हवा. ॲनोड म्हणजे पोलादाला जोडलेला, त्याच्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. जस्ताचे ॲनोड जोडलेल्या निरोगी बोटीवर हा आकडा उणे ०.८० आणि उणे १.०५ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. या बोटीवर मीटरने उणे १.२८ दाखवलं. तारा तपासून पुन्हा मोजलं, तरी तेच.

जस्ताच्या बळावर हा आकडा येऊच शकत नाही. मालकांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. गंज लवकर येतो म्हणून त्यांनी मागच्या वेळी जस्ताच्या जागी मॅग्नेशियमचे ॲनोड बसवले होते, "जास्त ताकदीचे असतात म्हणून." ते ताकदीचे असतात हे खरंच, पण ती ताकद गोड्या पाण्यासाठी लागते, कारण तिथे पाणी वीज नीट वाहू देत नाही. खाऱ्या पाण्यात तोच ॲनोड पोलादावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह ढकलतो. पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि पाणी यांपासून हायड्रॉक्साइड तयार होतं, तिथलं पाणी तीव्र अल्कधर्मी बनतं, आणि उणे १.१ च्या खाली गेलं की हायड्रोजनही सुटू लागतो. पोलाद सुरक्षित राहतं, पण रंगाची पोलादावरची पकड तुटते.

गंमत अशी की अति संरक्षणाचा हा धडा २०० वर्षं जुना आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून बघितले. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबंच शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) यांना दूर ठेवत होतं, त्यामुळे सुरक्षित झालेल्या तळावर ते माजले आणि जहाजं मंदावली. रंग आणि ॲनोड यांची निवड वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी करू नये असं मला वाटतं ते यासाठीच.

मग बोट वर काढली, दाबाच्या गोड्या पाण्याने धुतली आणि मी चाकू, भिंग आणि पीएचचे कागद घेऊन तळाखाली शिरलो. एका ॲनोडपासून वीतभर अंतरावर रुपयाएवढा टणक फोड होता. चाकूचं टोक लावताच त्यातून पाण्याची बारीक धार उडाली. कागद लावला तर तो गर्द निळा झाला, म्हणजे पीएच १२ च्या वर. कातडी उचलली तर आतलं पोलाद स्वच्छ, करडं, गंजाचा मागमूस नाही. प्रत्येक ॲनोडभोवती असे फोड वर्तुळाकार पसरले होते.

पाणरेषेजवळच्या फोडांची कथा निराळी होती. तिथल्या फोडातलं पाणी कागदावर निळं झालं नाही, किंचित आम्लाकडेच झुकलं. खालचं पोलाद काळं होतं, ओल्या कोळशासारखं. मी हातातला चाकू पुसून वही उघडेपर्यंत त्या काळ्यावर हिरवट छटा आली, आणि १० मिनिटांत सगळं तपकिरी. मालक शेजारी उकिडवे बसून बघत होते. ते म्हणाले, "अहो, हे तर डोळ्यांदेखत गंजतंय." हवेचा ऑक्सिजन न मिळता अर्धवट राहिलेला गंज हवा लागताच पुढची पायरी चढतो, ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं.

हा दुसरा फोड क्षारांचा. पाणी अजिबात आत न जाऊ देणारा रंग अस्तित्वात नाही. सगळे रंग पाण्याची वाफ थोडी थोडी झिरपू देतात, कोणी कमी तर कोणी जास्त. रंगाखाली मीठ राहिलेलं असेल तर ते ऑस्मोसिसने पाणी ओढून घेतं, फोड फुगतो आणि त्या बंद डबक्यात गंज सुरू होतो. मग मीठ राहिलं कसं? मालकांच्या वहीत उत्तर होतं. मागच्या वेळी तळ ग्राइंडर आणि वायर ब्रशने घासला होता. वायर ब्रशने गंजाचे खड्डे साफ होत नाहीत. वरचा गंज चकचकीत होतो आणि खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड तसंच राहतं. दिसायला मात्र पत्रा झकास दिसतो.

जाडीचं गेज लावलं तेव्हा तिसरी गोष्ट कळली. सपाट पत्र्यावर ३५० मायक्रॉन, म्हणजे उत्तम. वेल्डच्या सांध्यांवर आणि कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब भागाच्या, धारांवर १००-१२०. रंग सुकताना पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरकतो, म्हणून धारेवर तो नेहमीच पातळ राहतो, आणि गंज बरोबर तिथूनच शिरतो. काही ठिकाणी तर जुन्या रंगाखाली पोलाद कारखान्यात तापता पत्रा लाटताना धरलेली निळसर-काळी खपलीही शाबूत होती. ती पोलादापेक्षा कॅथोडिक असते, म्हणजे दोघांच्या जोडीत झिजतं ते पोलाद. तिच्यात चीर पडली की चिरेतलं उघडं पोलाद झपाट्याने खाल्लं जातं.

म्हणजे रंग निर्दोष होता. त्याला ज्या जागी बसवलं, ती जागा वाईट होती.

एवढं झाल्यावरही मी रंगाचं नाव सांगितलं नाही, कारण आतली बाजू बघायची बाकी होती. पोलादी बोटी बऱ्याचदा आतून सडतात. बाहेरच्या तळाकडे दरवर्षी कोणीतरी बघतं, पण टाकीमागच्या फ्रेमकडे १५ वर्षं कोणाची नजर जात नाही. जमिनीच्या फळ्या उचलल्या, नांगराच्या साखळीची खण मोकळी केली, इन्सुलेशनचा फोम ३ ठिकाणी कापला. फोममागचा पत्रा कोरडा आणि चांगला होता. साखळीच्या खणीत गंजाचे थर पुठ्ठ्यासारखे सुटत होते. पाण्याच्या टाकीमागे फ्रेमच्या तळाशी निचऱ्याचं भोक गाळाने बुजलेलं, आणि त्यामुळे साचलेल्या पाण्याने पत्रा आतून खाल्लेला. अल्ट्रासॉनिक गेजने तिथे ५ मिलिमीटरच्या जागी ३.१ दाखवलं. तो तुकडा कापून नवा पत्रा जोडायचं ठरलं. वरून दुसरा पत्रा ठिगळासारखा लावण्याची सूचना आली होती, तिला मी विरोध केला. दोन पत्र्यांच्या सांदीत ओल शिरली की तिथे कुठल्याही रंगाचा ब्रश पोचत नाही. वेल्डिंगची सगळी कामं रंगाच्या आधी उरकायची, हेही तेव्हाच ठरलं. रंग झाल्यावर केलेला एक टाका पलीकडच्या बाजूचा हातभर रंग जाळतो.

आता मित्रांचे सल्ले. कोलटार इपॉक्सी पाण्याला अडवण्यात खरोखर दांडगं होतं, आणि जुने लोक त्याची आठवण काढतात ते उगाच नाही. पण डांबरातली बहुचक्रीय संयुगं कर्करोगाला कारण ठरतात, म्हणून अनेक उत्पादकांनी ते बंद केलं. शिवाय त्यावर दुसरा रंग मारला की डांबर वर फुटून येतं, आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळात, काळ्यावर काळं असल्याने गंज दिसतच नाही. ते बाद झालं.

जस्ताचं प्रायमर पाण्यावरच्या भागासाठी मला आवडतं. ओरखडा पडला तर जस्त आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं. मात्र जस्ताचे कण उघड्या, ब्लास्ट केलेल्या (दाबाच्या हवेने कठीण कण मारून साफ केलेल्या) पोलादाला प्रत्यक्ष टेकायला हवेत, जुन्या रंगावर मारलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. कायम बुडालेल्या भागात मात्र ते काम ॲनोड करतच असतात, आणि रंगाखाली जस्ताची संयुगं साचली की फोडांचं आणखी एक कारण तयार होतं. म्हणून पाणरेषेच्या वर घेतलं, खाली टाळलं.

ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा तप्त फवारा हा दीर्घायुष्याच्या बाबतीत सगळ्यांत वरचा उपाय. नवी बोट बांधली जात असती तर मी त्याच्याच बाजूने बोललो असतो. त्याला पृष्ठभाग जवळजवळ निष्कलंक लागतो, धातूतली छिद्रं बुजवायला वर सीलर लागतो, आणि पुढे कुठे ओरखडा गेला तर मालकांना स्वतःला तो भरता येत नाही. हे मालक दरवर्षी बाह्या सरसावून स्वतः काम करणारे. ज्याची दुरुस्ती ज्याच्या हातात आहे, त्यालाच झेपेल असं काहीतरी द्यावं, हा माझा कल त्यांना पटला.

निवड मग प्रत्येक भागासाठी वेगळी झाली. बाहेरून संपूर्ण ब्लास्टिंग, आयएसओ ८५०१-१ च्या सा २½ दर्जापर्यंत, म्हणजे पोलादावर फिकट डागांपलीकडे काही उरता कामा नये. पाण्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या मिसळलेलं जाड थराचं इपॉक्सी, ३ हातांत मिळून सुमारे ४५० मायक्रॉन. या पत्र्या थरात आडव्या बसतात आणि पाण्याला नागमोडी वाटेने जायला लावतात. तुलनेसाठी, मोठ्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांकरिता (जहाज स्थिर ठेवायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाक्या) आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, २००६ च्या मानकात ३२० मायक्रॉन आणि १५ वर्षांचं लक्ष्य आहे. पाण्यावर जस्त-इपॉक्सी, मग इपॉक्सी, आणि शेवटी २ हात पॉलीयुरेथेन, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखं भुरभुरतं. आत ब्लास्टिंग शक्य नव्हतं, म्हणून हाताने आणि सुईच्या गनने साफ करून, खड्डे गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, त्यावर कमी तयारी खपवून घेणारं इपॉक्सी मास्टिक, तेही फिकट राखाडी. गंजाचा पहिला ठिपका टॉर्चच्या उजेडात दिसला पाहिजे.

रंगाचा हिशेब मालकांसोबत कागदावर केला, कारण डबे कमी पडले की माणूस थर पातळ करतो. घन भाग ८० टक्के असलेल्या रंगाचा १५० मायक्रॉन कोरडा थर हवा तर ओला थर सुमारे १९० लागतो. अशा १ लिटरमध्ये कागदावर ५.३ चौरस मीटर होतात. पाण्याखालचं क्षेत्र ४५ चौरस मीटर धरलं तर ३ हातांना २५ लिटर, आणि ३० टक्के वाया जाणार असं गृहीत धरून ३६.

ब्लास्टिंगला गार्नेट या कठीण खनिजाचे कण वापरले. साधी वाळू नको, तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. जुन्या थरांचा नमुना आधी तपासून घेतला, कारण जुन्या बोटींवर शिसं किंवा टीबीटी या कथिलाच्या विषारी शेवाळरोधक संयुगाचा थर सापडू शकतो आणि ती धूळ पाण्यात जाऊ द्यायची नसते. पत्रा उघडा झाला तेव्हा खडबडीतपणा ७० मायक्रॉनच्या आसपास होता, हवा तसाच. संध्याकाळ झाली होती. मुकादम म्हणाला, "साहेब, उजेड आहे तोवर एक हात मारून घेऊ, नाहीतर रात्रीत गंज धरेल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हवा २२ अंश, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे ८५ च्या मर्यादेत. पण या हवेचा दवबिंदू येतो १८.४, आणि पत्र्याला थर्मामीटर लावला तर तो १९.५ वर आला होता. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, इथे फरक जेमतेम १.१. उघड्या आकाशाखाली पोलाद हवेच्या आधी थंड होतं आणि दव डोळ्यांना दिसायच्या आधीच त्यावर बसू लागतं. मी थांबवलं. मुकादम नाराज झाला, पण थांबला.

सकाळी सगळा तळ बदामी झाला होता आणि पाणरेषेवरचे खड्डे काळेभोर, जणू घाम फुटलाय. त्या रात्रीने आमचं एक काम फुकटात केलं, कारण मीठ नेमकं कुठे आहे ते तिने दाखवून दिलं. त्या काळ्या खड्ड्यांवर ब्रेसलची चिकटपट्टी लावली. ही रबरी खिशासारखी असते, सुईने त्यात शुद्ध पाणी सोडून खळबळवायचं आणि परत ओढून त्याची विद्युतवाहकता मोजायची. १६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. आयएमओच्या त्याच मानकातली मर्यादा ५० ची. म्हणजे आदल्या संध्याकाळी चकचकीत दिसणाऱ्या पत्र्यात तिप्पट मीठ होतं, आणि आम्ही त्यावर रंग मारला असता तर ३ वर्षांनी पुन्हा तेच फोड फोडत बसलो असतो. दाबाच्या गोड्या पाण्याने धुतलं, वाळवलं, पुन्हा ब्लास्ट केलं. ३८ आल्यावर, दुपारच्या आत, पहिला हात चढला.

त्याआधी धारा २ मिलिमीटर त्रिज्येने गोल केल्या होत्या, आणि प्रत्येक हाताआधी वेल्डवर, धारांवर, भोकांच्या कडांवर ब्रशने जादा पट्टा मारला. रोलर वेल्डच्या कंगोऱ्यांवरून नुसता उडत जातो, ब्रश रंग आत दाबतो. हातांचे रंग आलटूनपालटून ठेवले, राखाडी, मग तांबूस, मग पुन्हा राखाडी, म्हणजे राहिलेली जागा चुकत नाही. एका सकाळी आदल्या दिवशीच्या थरावर बोट फिरवलं तर मेणचट लागलं. दमट हवेत इपॉक्सीला घट्ट करणारा घटक, अमाइन हार्डनर, वर येऊन हा पापुद्रा धरतो आणि पुढचा हात त्यावर चिकटत नाही. कोमट पाण्याने सगळा तळ पुसून काढला. आधी सॅंडपेपर मारला असता तर तो पापुद्रा आणखी आत रगडला गेला असता. पॉलीयुरेथेन फवारताना मात्र मी कोणालाच साध्या मास्कवर उभं राहू दिलं नाही. त्यातल्या आयसोसायनेटमुळे जडणारा दमा पुढे आयुष्यभर पिच्छा सोडत नाही, म्हणून बाहेरची हवा पुरवणारा मुखवटाच हवा.

शेवटचा इपॉक्सीचा हात आणि शेवाळरोधक रंग यांच्यातली वेळ अंगठ्याने ठरवली. दाबला की ठसा उमटायला हवा, पण रंग अंगठ्याला लागता कामा नये. त्या वेळी जोडथर चढवला आणि त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा, हळूहळू झिजत जाणारा शेवाळरोधक, २ हात, पाणरेषेवर आणि सुकाणूच्या धारेवर ३. टीबीटी २००८ पासून जगभर बंद आहे, फ्रान्सने तर १९८२ सालीच लहान बोटींवर तो बंद केला होता. सायब्युट्रीन या दुसऱ्या शेवाळरोधक रसायनावरही २०२३ पासून आयएमओची बंदी आहे. तांब्याचा रंग पोलादावर चालतो तो मधल्या इपॉक्सीच्या भरवशावर, त्यामुळे तांबं आणि उघडं पोलाद यांची गाठ पडू द्यायची नसते. मॅग्नेशियम काढून जस्ताचे ॲनोड बसवले आणि त्यांना कागद चिकटवून ठेवला, कारण रंग लागलेला ॲनोड काहीच काम करत नाही.

२ वर्षांनी बोट पुन्हा वर निघाली. पाण्यात असताना मीटर उणे ०.९६ दाखवत होतं. ॲनोडभोवती एकही फोड नाही, पाणरेषा गुळगुळीत. आत साखळीच्या खणीत कडेला ४-५ गंजाचे ठिपके, फिकट रंगामुळे लगेच सापडले आणि मालकांनी त्याच दुपारी खरवडून भरले.

फक्त कण्याखाली एका ठिकाणी दोन वीत लांब पोपडा लोंबत होता. हाताने ओढला तर सबंध सुटून आला, मागची बाजू आरशासारखी चकचकीत. खाली तांबूस हात शाबूत, घट्ट. तिथे बोट ठोकळ्यावर टेकलेली होती. बाकी सगळे ठोकळे आम्ही वेळेत सरकवले, हा एक राहिला. सरकवला तेव्हा वरचा हात मारायची मुदत उलटून एक दिवस झाला होता, आणि ती जागा खरखरीत न करताच रंगवली गेली. माझ्या वहीत त्या ठोकळ्यासमोर बरोबरची खूण आहे, ती मीच केलेली. मालकांनी ८० नंबरचा सॅंडपेपर आणला, मी खाली आडवा झालो, आणि तांबूस थराची चमक पूर्ण जाईपर्यंत आम्ही आळीपाळीने तो घासला.